तंबोरा ऐकू येतो का?

वाचकांचे प्रश्न : शास्त्रीय संगीतासाठी बेताच्या बजेटमधला घरचा स्टीरिओ

काय घ्यावं, कुठे ठेवावं आणि बिघडलं तर आधी काय पाहावं, याबद्दल आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. किमती साधारण दिल्या आहेत. मॉडेलांची नावं मुद्दाम टाळली आहेत. ती वर्षभरात बदलतात, अडचणी त्याच राहतात.

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १४चा आहे, बजेट पंचवीस हजार. मुलगा म्हणतो, सबवूफरवाला साउंडबार घ्या, टीव्हीलाही चालेल. मी मुख्यतः ख्याल ऐकतो, त्यातही पुरुष गायक जास्त. काय घ्यावं?
— एक वाचक, कल्याण

टीव्हीपुरतं मुलाचं बरोबर आहे. ख्यालासाठी मात्र साउंडबार घेऊ नका. का, ते आकड्यांतच पाहू. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा. मंद्र पंचम १०४ आणि खर्जाचा षड्ज ६९. स्वस्त साउंडबारच्या पट्टीत दोन-अडीच इंची स्पीकर असतात. दीडशे हर्ट्झच्या खाली त्यांचा जीव जातो, म्हणून तिथून खालचं सगळं काम कोपऱ्यातल्या सबवूफरकडे ढकललेलं असतं. आता विलंबितात गायक मध्य सप्तकातून मींड घेत मंद्र पंचमावर उतरला, की त्याच्या आवाजाचं पोट कोपऱ्यातल्या डब्यात जातं आणि डोकं टीव्हीखाली राहतं. सिनेमातल्या स्फोटाला हे चालून जातं, कारण स्फोटाला सूर नसतो. इथे एकाच गळ्यातून सलग आलेला सूर मधेच तुटतो, आणि विलंबितात तो तुटलेला ऐकायला भरपूर वेळही मिळतो.

तुम्हाला हवेत दोन सुटे स्पीकर, ज्यांना ‘बुकशेल्फ’ म्हणतात ते. नाव बुकशेल्फ असलं तरी ते पुस्तकांच्या कपाटात ठेवायचे नसतात. त्याबद्दल पुढे एका उत्तरात येईलच. खालचा वूफर पाच ते साडेसहा इंची पाहा. चार इंचीवर स्त्रियांचं गाणं, सतार, बासरी छान वाजते, पण डग्गा आणि खर्ज थोडे अशक्त राहतात. तुम्ही पुरुष गायक जास्त ऐकता, म्हणून पाच इंचीच्या खाली उतरू नका.

पुढे दोन वाटा आहेत. पहिली, अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेल्या पॉवर्ड स्पीकरची. जोडीतल्या एका डब्यात अ‍ॅम्प्लिफायर असतो, दुसरा त्याला वायरने जोडायचा. चार इंची जोडी साधारण दहा हजारांच्या आसपास मिळते, पाच इंची चांगली जोडी पंधरा ते वीसमध्ये. मोबाइल, टीव्ही, जुना सीडी प्लेअर, सगळं थेट लागतं. ज्यांना वायरींचं जंजाळ नको त्यांनी हेच घ्यावं. दुसरी वाट साध्या स्पीकरची जोडी आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर अशी. पंचवीसपैकी पंधरा-सोळा हजार स्पीकरला, सहा-सात हजार छोट्या क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरला, उरलेले स्टँड आणि वायरला. हिचा फायदा असा, की उद्या एक वस्तू बिघडली तर तेवढीच बदलता येते. पॉवर्ड जोडीतलं सर्किट गेलं की कंपनीकडे चकरा सुरू, आणि मॉडेल बंद झालेलं असेल तर दोन्ही डबे शोभेचे. दुरुस्ती करणारा माणूस जवळपास असेल तर आम्ही दुसरी वाट सुचवू.

वॉटच्या मागे लागू नका. खोक्यावर पीएमपीओ (फुगवून सांगितलेली क्षणभराची ताकद) लिहिलेला आकडा असेल तर तो वाचूसुद्धा नका. आरएमएस वॉट, म्हणजे सतत देता येणारी ताकद, पाहा. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॉटला एक मीटरवर इतक्या मोठ्याने वाजणारा) स्पीकर सहा-सात फुटांवरून बोलण्याच्या पातळीला ऐकताना सरासरी एक वॉटही खात नाही. तबलजीने समेवर जोरात थाप दिली तर क्षणभर पाच-दहा वॉट लागतात. म्हणजे प्रत्येक बाजूला तीस वॉट आरएमएस झाले की डोक्यावरून पाणी. स्पीकरची संवेदनशीलता ८५च्या खाली आणि इम्पिडन्स (विजेला होणारा रोध) ४ ओहम असेल तर मात्र अगदी छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका, तो मोठ्या आवाजाला गरम होऊन बंद पडतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवीन जोडी घरी आणल्यावर पहिल्या दिवशी आवाज ‘फिका’ वाटेल. मांडवातल्या मैफलीत लाउडस्पीकरवरचा डग्गा छातीत घुमतो, आणि सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं गाणं ऐकलेल्यांच्या कानाला तीच चव लागलेली असते. आठवडाभर टोन कंट्रोलला हात न लावता ऐका. मग आवर्तनात तबल्याची किनार आणि शाई वेगवेगळी ऐकू यायला लागते.

प्रश्न : दुकानात स्पीकर ऐकून निवडायचा म्हणजे नेमकं काय ऐकायचं? दुकानदार सिनेमाची गाणी लावतो, त्यात सगळेच चांगले वाटतात.
— एक वाचक, सांगली

तुम्ही तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या दारात राहता, त्यामुळे हे उत्तर सोपं आहे : तंबोरा ऐका. फक्त तंबोरा. गाणं सुरू व्हायच्या आधीचं अर्धं मिनिट.

तंबोऱ्याची तार घोडीच्या वाकलेल्या पृष्ठभागावर घासत कंपन पावते आणि जवारीचा (या घासण्यातून येणाऱ्या झळाळीचा) दोरा सरकवून ते घासणं नेमकं केलेलं असतं. त्यामुळे एका तारेतून मूळ सुरासोबत वरच्या स्वयंभू स्वरांची रास निघते, काही हजार हर्ट्झपर्यंत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच या घोडीवर लिहिलं होतं. मूळ सूर खाली शंभराच्या घरात आणि जवारीची झळाळी वर हजारांत. म्हणजे एकाच वाद्यात स्पीकरची खालपासून वरपर्यंत परीक्षा होते. चांगल्या स्पीकरवर पंचम, जोड आणि खर्ज या चारही तारा मोजता येतात, आणि खर्ज छेडल्यावर काही क्षणांनी त्यातून गंधार उमलताना ऐकू येतो. वाईट स्पीकरवर चारही तारांची मिळून एक माशी गुणगुणते. माशी ऐकू आली की पुढचं ऐकायची गरज नाही.

त्यातून पास झाला तर एकट्या गळ्याची आलापी लावा, मंद्रातली. गायक खाली जाताना आवाजाचा ‘आ’ बदलून ‘ओ’कडे झुकतो का पाहा, झुकत असेल तर स्पीकरने मधे कुठेतरी स्वतःची भर घातली आहे. मग डग्ग्याचा घिस्सा. मनगट सरकताना सूर सलग वर चढला पाहिजे. मधलाच एखादा सूर फुगून येत असेल तर डबा स्वतः वाजतो आहे. शेवटी सनई किंवा तार सप्तकातली बासरी, दहा मिनिटं. दोन मिनिटांत कोणालाच त्रास होत नाही, दहाव्या मिनिटाला कपाळ आठ्यांनी भरलं तर तो स्पीकर घरी नको.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत संध्याकाळी गेलात तर रस्त्याच्या गोंगाटात यातलं काहीही कळणार नाही. मधल्या वारी, दुकान उघडल्या उघडल्या जा. ओळखीची तीन-चार ध्वनिमुद्रणं मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि वायरने जोडायला सांगा. दोन जोड्या ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा असू द्या. किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं. शिवाय हळू आवाजात ऐकून पाहा. सकाळी सहाला भैरव लावाल तेव्हा शेजारी झोपलेले असतील.

प्रश्न : नवे स्पीकर शोकेसमध्ये बसवले. गळा ठीक वाटतो, पण डग्गा इतका घुमतो की बंदिशीचे शब्द कळत नाहीत. स्पीकर खराब निघाले का?
— एक वाचक, पुणे

स्पीकर चांगले असावेत. शोकेस घुमते आहे. तुमच्या स्पीकरला मागच्या बाजूला हाताचा अंगठा जाईल एवढं भोक असेल. त्यातून खालचे सूर बाहेर पडतात. ते भोक लाकडी कप्प्यात कोंडलं की अख्खा कप्पा डग्ग्यासारखा बोलू लागतो. एका जुन्या पायमोज्याची गुंडाळी करून दोन्ही भोकांत सैलसर कोंबा आणि तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐका. फरक पडला तर निदान पक्कं. भाड्याच्या घरात दुसरी सोयच नसेल तर मोजा तसाच राहू द्या, काही बिघडत नाही.

सोय असेल तर बाहेर काढा. मागच्या भिंतीपासून एक ते दीड फूट, बाजूच्या भिंतीपासून दोन फूट, आणि हे दोन आकडे एकसारखे नकोत. दोन स्पीकरमधलं अंतर सहा फूट असेल तर तुमची बैठकही प्रत्येकापासून सहा-साडेसहा फुटांवर हवी, तोंडं किंचित तुमच्याकडे वळवलेली. वरचा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीला. सगळ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात माणूस सोफ्यावर बसलेला असतो, तेव्हा कान जमिनीपासून सव्वातीन फुटांवर असतो. तुम्ही सतरंजीवर मांडी घालून ऐकत असाल तर तो सव्वादोन-अडीच फुटांवर येतो. त्या हिशेबाने बाजारातले तयार स्टँड उंच पडतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन इंची चौकोनी पाइपचे स्टँड करून घ्या, पाइपात कोरडी वाळू भरा, वर नऊ बाय बाराचा कडप्प्याचा तुकडा आणि त्यावर रबराचे चार गोळे. तयार स्टँडपेक्षा हे स्वस्तात होतं आणि हलत नाही.

एवढं करूनही डग्ग्याचा एकच सूर फुगत असेल तर तो खोलीचा दोष. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यामध्ये उभा राहतो. खोली दहा बाय दहा आणि उंचीही दहा असेल तर तोच सूर तिन्ही बाजूंनी उभा राहतो. हा गुंगाट खोलीच्या बरोबर मध्यावर सगळ्यांत कमी आणि भिंतीला पाठ टेकली की सगळ्यांत जास्त. आणि आपल्याकडे दिवाण नेमका भिंतीला लागलेला असतो. दिवाण फूटभर पुढे ओढून पाहा.

वरच्या सुरांचं वेगळं. खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. ‘टर्र्र’ असा झणझणाट मागून आला तर गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंती तंबोरा खरवडून काढत आहेत. स्पीकर आणि तुमच्या मधे जाड सतरंजी, खिडकीला चुण्यांचा जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढं पुरतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांचा उपयोग शून्य, आणि झुरळं वाढतात.

मांडणी जमली की नाही ते तपासायला जुन्या मोनो (दोन्ही स्पीकरला एकच आवाज देणाऱ्या) ध्वनिमुद्रणासारखं साधन नाही. ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांच्या काळातलं अब्दुल करीम खाँसाहेबांचं कोणतंही गाणं लावा. गळा दोन स्पीकरच्या बरोबर मध्यावर, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, उभा राहिला पाहिजे. एका बाजूला झुकला तर अंतरं चुकली आहेत. कुठेच उभा राहत नसेल, पसरट आणि पोकळ वाटत असेल, खालचे सूर गायब असतील, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. कोणत्या स्पीकरची ते कळायला दोन्ही वायरी अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा आणि प्रत्येक जोडीला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलची धन बाजू लाल वायरला लागली की वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर तीच उलटी.

प्रश्न : सोन्याच्या मुलाम्याच्या महाग केबलने फरक पडतो का?
— एक वाचक, कोल्हापूर

दुकानदाराला पडतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर पाच मीटर लांब घेतली तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास राहतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे काहीच नाही. फक्त ती खरंच तांब्याची आहे का, ते टोक खरवडून पाहा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर आतून पांढरी निघते.

प्रश्न : लॅपटॉप स्पीकरला जोडला की बारीक ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. गाणं सुरू झाल्यावर तो झाकला जाईल असं मेकॅनिक म्हणतो, पण आलापात तो जाणवतोच.
— एक वाचक, नाशिक

जाणवणारच. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि हा आवाज बहुतेक वेळा तिच्या दुपटीला, १००वर, सगळ्यांत ठळक असतो. काळी एकच्या तंबोऱ्याची पंचमाची तार १०३.८ला लागलेली. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळजवळ चार हिंदोळे पडतात. म्हणजे चांगला जुळवलेला तंबोरा घरात येऊन बेसूर होतो. ढोल-ताशात हे झाकलं जाईल, आलापात नाही.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर अर्थिंगचा फेरा झाला आहे : लॅपटॉप एका प्लगमधून आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यातून अर्थ घेतो, आणि दोन्हींमधला थोडासा फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावून पाहा. नाही गेला तर ऑडिओ केबलच्या मधे लागणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. आत दोन छोटे ट्रान्स्फॉर्मर असतात, किंमत काही शे रुपये. प्लगची तिसरी पिन मात्र कधीही तोडू नका. बिघाड झाला तर वीज अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर येते.

चार्जर काढूनही थांबला नाही तर सेट-टॉप बॉक्सची केबल सोडवून पाहा, तीही याच फेऱ्याला कारण ठरते. ‘हूं’ऐवजी करकरीत ‘झ्झ्झ’ असेल तर छताकडे बघा. पंख्याचा जुना, गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-तीनवर असताना असा आवाज सोडतो आणि पाचवर नेला की गप्प बसतो. टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा. तसा पाचवरचा पंखा स्वतःच तंबोरा गिळतो, पण मे महिन्यात त्याला आमच्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : मोबाइलवरून ब्लूटूथने ऐकलं तर चालतं का? आणि फुकटात चांगलं काय ऐकायला मिळेल?
— एक वाचक, चंद्रपूर

चालतं. ब्लूटूथपेक्षा जास्त नुकसान मूळ फाइलमध्ये झालेलं असतं. खूप दाबलेल्या एमपी-थ्रीमध्ये जवारी पाण्याखालून आल्यासारखी गुळगुळते, कारण ती सतत बदलणारी बारीक झळाळी वाचवायला फाइलमध्ये जागाच उरत नाही. अ‍ॅपमध्ये जाऊन गुणवत्ता सर्वांत वरची निवडा. आवाज आपोआप समान करणारी सोय, बेस बूस्ट, सराउंड, सगळं बंद करा. मोबाइलचा आवाज पूर्ण किंवा एक-दोन टप्पे खाली ठेवून कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवर करा. नोटिफिकेशन बंद ठेवा, नाहीतर अतिविलंबितात समेच्या आधी विजेचं बिल येतं.

फुकटात म्हणाल तर आकाशवाणीची ‘रागम्’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून सुरू आहे आणि आकाशवाणीच्या अ‍ॅपवर मिळते. तिच्यावर कर्नाटक संगीतही तितकंच असतं, हा आमच्या मते बोनस.

प्रश्न : वडिलांच्या एलपी आणि काही ७८च्या तबकड्या आहेत. सुटकेससारखा स्वस्त रेकॉर्ड प्लेअर घेऊ का?
— एक वाचक, इंदूर

ज्या तबकड्या पुन्हा मिळणार नाहीत त्या त्याच्यावर लावू नका. त्यातली बरीच यंत्रं सिरॅमिक कार्ट्रिजची (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) असतात आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅम असतो. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. मॅग्नेटिकचा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टच असतो, म्हणून तो वाढवायला फोनो प्रीअँप लागतो. तो यंत्रातच आहे का, ते विकत घेण्याआधी विचारा. नसेल तर आवाज अगदी बारीक आणि पत्र्यासारखा येतो आणि लोक यंत्र परत करतात.

७८ला वेगळी सुई लागते. एलपीची सुई त्या रुंद खाचेत तळाशी लोळते आणि फक्त खरखर उचलते. ७८साठी साधारण तीन हजारांश इंचाची हवी. या तबकड्या लाखेच्या आहेत, त्यांना स्पिरिट लावू नका, विरघळतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्रव साबणाचा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने पुसणं, लेबल कोरडं.

वेग तपासाच. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. लेबलवर कागदाचा कपटा ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. शंभराऐवजी एकशे सहा भरले तर पांढरी एकचा गायक तुमच्या घरी काळी एकमध्ये गातो आहे, आणि तानाही तितक्याच पळतात. बहुतेक यंत्रांत मोटरपाशी किंवा खालच्या बाजूला वेगाचा छोटा स्क्रू असतो.

प्रश्न : घरगुती मैफलींच्या कॅसेट आहेत. कोकणातल्या हवेने त्यांवर पांढरी बुरशी आली आहे. काही करता येईल?
— एक वाचक, रत्नागिरी

येईल, पण आधी डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. कॅसेटचे पाच स्क्रू काढा. टेपच्या गुंडाळीच्या कडेवरची पांढरी भुकटी कोरड्या मऊ ब्रशने अंगणात झाडा, तोंडाला मास्क लावून. मग गुंडाळी एखाद्या साध्या नव्या कॅसेटच्या कवचात बसवा. हेडसमोरची फोमची गादी गळून पडलेली असते, तिच्यामुळेच आवाज दबका येतो. नव्या कवचात ती आयती मिळते. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून मगच वाजवा. दर दोन कॅसेटनंतर हेड, लोखंडी दांडी आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; रबरी चाकाला फार भिजवू नका.

आवाज तरीही मंद असेल तर हेडचा कोन जुळत नाही. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो पाव फेऱ्याच्या आत हळूहळू फिरवा आणि तंबोऱ्याची झळाळी सगळ्यांत जास्त उमलेल तिथे थांबा. हा कोन दर कॅसेटला वेगळा निघू शकतो, कारण प्रत्येक मैफल वेगळ्या यंत्रावर टिपलेली असते.

लगेच संगणकावर उतरवून घ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आणि खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर कधीही चालवू नका. त्याच्या दृष्टीने सतत चालणारा बारीक आवाज म्हणजे कचरा. तंबोरा हा सतत चालणारा बारीक आवाजच असतो. खरखर जाते आणि तिच्याबरोबर तोही जातो.

जाता जाता : समुद्राकाठच्या दमट हवेत वूफरची फोमची कड काही वर्षांत पिठासारखी भुगा होते. तुमच्या भागात आणि गोव्यातही स्पीकर रबरी कडेचाच घ्या.

प्रश्न : वय ७६. गाणं कळतं, पण हल्ली तंबोरा ऐकूच येत नाही. श्रवणयंत्र लावलं तर सूर थरथरतो. स्टीरिओ बदलू का?
— एक वाचक, डोंबिवली

स्टीरिओला हात लावू नका. वयाबरोबर वरचे सूर आधी ऐकू येईनासे होतात आणि जवारीची झळाळी नेमकी त्याच सुरांत असते. स्पीकर चार-पाच फुटांवर आणा, ट्वीटर नेमका कानाकडे वळवा, ट्रेबल दोन-तीन खुणा वाढवा. खोलीचा गुंगाट कमी आणि स्पीकरचा थेट आवाज जास्त पोचतो.

थरथर श्रवणयंत्राची आहे. शिट्टी वाजू नये म्हणून यंत्र सतत लक्ष ठेवून असतं, आणि लांबवर टिकणारा स्थिर सूर त्याला शिट्टीच वाटतो. गायकाने षड्ज लावून धरला की ते त्याला दाबायला धावतं, त्यात सूर हलतो. शिवाय गोंगाट कमी करणारी सोय तंबोऱ्याला पंख्याच्या आवाजात धरते. ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन ‘संगीतासाठी वेगळा प्रोग्राम’ मागा : शिट्टीरोधक बंद किंवा अगदी मंद, गोंगाट कपात बंद, आवाज दाबण्याचं प्रमाण कमी. अनेक यंत्रांत ही जागा असते, पण ती मागितल्याशिवाय कोणी भरून देत नाही. जाताना मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं ॲप घेऊन जा आणि तुमच्या पट्टीचा तंबोरा लावून तिथेच, त्यांच्यासमोर, जुळवून घ्या.